वडील एबी, लेक ओ : एका रक्तगटाचं प्रकरण

मुलीचं नाव, गाव आणि साल मुद्दाम देत नाही. बीड जिल्ह्यातलं एक तालुक्याचं ठिकाण, बारावी सायन्सचा वर्ग आणि तिथे जीवशास्त्र शिकवणारी मी, एवढं पुरेसं आहे. घरच्यांना विचारून लिहिते आहे. लिहायचं कारण असं, की या प्रकरणात मुलीचा तर्क एकाही पायरीवर चुकला नव्हता. मी शिकवलेला नियम तिने जसाच्या तसा वापरला आणि त्याच नियमाने तिला चार दिवस अन्न गोड लागू दिलं नाही.

काय घडलं

डिसेंबर महिना होता. आनुवंशिकतेचा धडा आमच्याकडे पावसाळ्यात होतो आणि रोगप्रतिकारशक्तीचा दिवाळीनंतर. रक्तगट दोन्हीकडे येतात. पहिल्या धड्यात ते सहप्रभावितेचं, म्हणजे दोन्ही जनुकांचा परिणाम सोबत दिसण्याचं, उदाहरण म्हणून येतात, दुसऱ्यात प्रतिजन (पेशीवरची खूण) आणि प्रतिपिंडांचं (त्या खुणेला चिकटणारी, द्रवात फिरणारी प्रथिनं). मधे चार महिने जातात, आणि पोरांच्या डोक्यात हे दोन वेगळे रक्तगट असल्यासारखे राहतात.

ज्यांनी घरून संमतीपत्र आणलं त्यांचे गट आम्ही प्रयोगशाळेत तपासले. ३८ मुलं होती. बोटाला टोचायचं, काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब घ्यायचे, त्यांवर अँटी-ए, अँटी-बी आणि अँटी-डी सीरमचा (ए, बी आणि डी शोधणाऱ्या प्रतिपिंडांच्या द्रवाचा) एकेक थेंब सोडायचा, काडीने कालवायचं आणि बघायचं. या मुलीच्या संमतीपत्रावर आजीचा अंगठा होता, कारण आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला सांगलीकडे गेलेले. तिच्या पट्टीवर पहिल्या दोन थेंबांत काहीच झालं नाही, तिसऱ्यात गुठळ्या झाल्या. ओ पॉझिटिव्ह. तिने रजिस्टरमध्ये लिहिलं, बोटावर कापूस दाबला आणि जागेवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. शनिवारीही नाही. सोमवारी तिची मैत्रीण वर्ग सुटल्यावर थांबली आणि दाराकडे बघत म्हणाली, "मॅडम, ती म्हणती, पप्पा तिचे पप्पा नाहीत."

मला जुलै आठवला. फळ्यावर मी चार गटांचा तक्ता काढला होता, एबीच्या रांगेवर खडू ठेवून म्हणाले होते, "आईवडिलांपैकी एक जरी एबी असेल तर मूल ओ कधीच होणार नाही." वर्ग पेंगत होता म्हणून पुढे जोडलं होतं, "कोर्टात यावरून बाप कोण नाही ते ठरतं." पोरं लगेच ताठ बसली होती. त्या दिवशी मला तो तास चांगला झाला असं वाटलं होतं.

तिची वही

संध्याकाळी तिच्या आजीकडे गेले. पत्र्याची खोली, पुढे तुळस, आजी चूल पेटवत होती. "बाई, बगा हिला काय झालंय. खाईना, बोलंना. आईचा फोन आला तरी घेईना झालीया." मुलीने न बोलता वही पुढे केली. तीन पानांवर तीन पनेट चौकटी होत्या, म्हणजे आईवडिलांची जनुकं मांडून मुलांचे गट काढायचे तक्ते. वडील एबी आणि आई ए, म्हणजे एए किंवा एओ. तिने दोन्ही धरून बघितलं होतं. मुलं ए, बी, एबी. ओच्या घरात शून्य. खाली तारीख घातली होती. तिसऱ्या चौकटीची रेघ पट्टीने मारलेली होती, पहिल्या दोन हातानेच.

वडिलांचा गट तिला त्यांच्या ड्रायव्हिंग लायसनवरून माहीत होता. ते ट्रॅक्टरवर ऊस वाहतात. लायसनचा फोटो तिच्या मोबाईलमध्ये होता, त्यावर एबी पॉझिटिव्ह. आईचा गट धाकट्या भावाच्या वेळच्या बाळंतपणाच्या कागदावर होता, ए पॉझिटिव्ह.

तिथे बसून मला पहिली गोष्ट जाणवली ती ही, की तिला "तुझं काहीतरी चुकलंय, नीट बघ" असं म्हणता येत नाही. नियम खरा आहे. एबी असलेल्या माणसाकडे एक ए आणि एक बी अशी दोन जनुकं असतात, मुलाला त्यातलं एक द्यावंच लागतं, आणि ते मिळालेलं मूल ए किंवा बी दाखवणारच. १९१० च्या सुमारास डुंगेर्न आणि हिर्झफेल्ड यांनी रक्तगट आनुवंशिक असल्याचं दाखवलं, पण ए आणि बी या दोन स्वतंत्र जोड्या आहेत अशी त्यांची मांडणी होती. त्या मांडणीप्रमाणे एबी बापाला ओ मूल होऊ शकत होतं. १९२४ साली बर्नस्टाइन या गणितज्ञाने लोकसंख्येतल्या गटांच्या प्रमाणावरून दाखवलं, की हा एकाच जागेवरच्या तीन पर्यायांचा खेळ आहे, आणि ती शक्यता मिटली. म्हणजे लायसनचा एबी खरा असता, तर माझ्या विद्यार्थिनीच्या शून्याला जगातले बहुतेक सगळे जीवशास्त्रज्ञ दुजोरा देतील.

म्हणून मी तिला तर्काबद्दल एक शब्द बोलले नाही. विचारलं, "लायसनवर एबी कुणी लिहिलं?"

साखळी उलटी चालवली

माझ्या मते या प्रकरणाचा सगळा अर्थ या एका प्रश्नात आहे, म्हणून इथे सावकाश जाते.

जनुकापासून कार्डापर्यंत यायला बराच रस्ता आहे. नवव्या गुणसूत्रावर एबीओचं जनुक. त्यावरून एक विकर (एन्झाइम) बनतं. ते विकर तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर आधीपासून असलेल्या साखरेच्या साखळीच्या टोकाला आणखी एक साखर जोडतं. ए जनुकाचं विकर एन-असिटिल गॅलॅक्टोसामाइन नावाची साखर जोडतं, बी जनुकाचं विकर साधी गॅलॅक्टोज. ओ जनुकाच्या नेहमीच्या प्रकारात एकच अक्षर गळालेलं असतं, पुढचं सगळं वाचन सरकतं आणि विकर निकामी होतं. साखळी आहे तशीच राहते. तिला आपण एच प्रतिजन म्हणतो. इथपर्यंत आनुवंशिकतेचा धडा. पुढे बाटलीतली प्रतिपिंडं त्या साखरेला चिकटतात का, पेशी एकमेकींना धरून गुठळी होते का, ती काचपट्टीवर कुणाच्या डोळ्यांना दिसते का, बघणारा काय लिहितो, आणि त्या लिहिण्यावरून कार्डावर काय छापलं जातं. हा दुसरा धडा, आणि त्यातला शेवटचा भाग कुठल्याच धड्यात नाही.

आमची पोरं कार्डावरून थेट जनुकावर उडी मारतात, कारण आम्ही तक्ता तसाच शिकवतो. "वडील एबी" असं म्हणताना आपण "वडिलांच्या कार्डावर एबी आहे" असं म्हणत असतो, हे मी वीस वर्षांत एकदाही वर्गात म्हटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी तिच्याच वहीत मागच्या पानावर शक्यता लिहिल्या. कॉलेजची तपासणी चुकली असेल. लायसनवरचा गट चुकीचा असेल. किंवा दोन्ही बरोबर असून जीवशास्त्रातलं काहीतरी दुर्मीळ असेल. तिने स्वतःहून चौथी ओळ लिहिली आणि पेन खाली ठेवलं. मी ती खोडली नाही. ती शक्यता नाही असं सांगणं खोटं झालं असतं आणि खोटं तिला लगेच ओळखू आलं असतं. एवढंच म्हणाले, की कागदांच्या चुका रोज होतात, त्या आधी तपासून संपवायच्या. आणि शेवटच्या ओळीपर्यंत जायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही, तुझा एकटीचाही नाही.

पहिली शक्यता मी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तपासली. सीरमच्या बाटल्या दोन ते आठ अंश तापमानात ठेवायच्या असतात. आमच्याकडे वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. सीरम कमजोर झालं तर ए गटाचं रक्तही ओ दिसतं. माझा गट ए आहे, प्रयोगशाळा सहायकांचा बी. आमचे थेंब त्याच बाटल्यांवर घातले, दोन्हीकडे स्वच्छ गुठळ्या आल्या. सीरम ठीक होतं. खरं तर ही खात्री मुलांच्या बोटाला सुई लावण्याआधी करून घ्यायला हवी होती. ती मी केली नव्हती.

तिसऱ्या शक्यतेबद्दल तिने स्वतः विचारलं, आणि विचारायला कारण होतं. तिची आई ही वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. पुस्तकात बॉम्बे रक्तगटाचा उल्लेख आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वर्णन केला. ए आणि बीच्या विकरांना साखर जोडायला टोक लागतं, ते टोक म्हणजे एच प्रतिजन, आणि ते बनवणारं जनुक वेगळ्याच, एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. आई आणि वडील दोघांकडूनही त्या जनुकाची निकामी प्रत आली तर टोकच तयार होत नाही. मग ए किंवा बीचं जनुक जागेवर असूनही साखर कुठे लावायची? असं रक्त काचपट्टीवर ओ दिसतं. एबी बापाची मुलगी ओ दिसू शकेल अशी ही खरीखुरी वाट आहे. भारतात साधारण दहा हजारांत एक असं तिचं प्रमाण सांगतात; जवळच्या नात्यातल्या लग्नांत निकामी प्रती एकत्र यायची शक्यता वाढते. आणखी एक वाट आहे, तिला सिस-एबी म्हणतात. त्यात ए आणि बी दोन्ही कामं करणारं जनुक एकाच गुणसूत्रावर असतं, दुसऱ्यावर ओ. १९६४ मध्ये पोलंडमधल्या एका कुटुंबात ते दिसलं. त्या माणसाच्या कार्डावर एबी असतो आणि त्याला ओ मूल होऊ शकतं. म्हणजे माझं जुलैतलं "कधीच" हे तपासलेल्या एबीबद्दलसुद्धा थोडं जास्तच ठाम होतं.

बॉम्बे गटाच्या शक्यतेने मला एक मोठी सोय करून दिली. अशा माणसाला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. साधं ओ दिलं तरी जीव धोक्यात येतो, कारण त्याच्या रक्तात एच विरुद्ध प्रतिपिंडं असतात. म्हणजे मुलीला रक्तपेढीत नेऊन नीट तपासून घ्यायला एक सरळ वैद्यकीय कारण होतं, आणि ते सांगताना कुणाकडे बोट दाखवावं लागत नव्हतं.

अंबाजोगाई

गुरुवारी तिचे वडील स्वतःच आले. "पोरगी फोनच घेईना झाली. मुकादमाला सांगून दोन दिसाची सुट्टी काढली." मुलीची परवानगी मी आधी घेतली होती. त्यांना सरळ सांगितलं, "भाऊ, तुमच्या लायसनवरचा रक्तगट आणि हिचा गट पुस्तकाच्या नियमाने जुळत नाही. मला लायसनवरचा चुकला असावा असं वाटतं, पण खात्री नाही. तपासायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग पहिला प्रश्न आला, "तिच्या आईला सांगितलं का तुमी?"

"नाही."

"नका सांगू. मीच सांगतो, गेल्यावर."

लायसनसाठी रक्तगट माणूस स्वतःच सांगतो, तो कुणी तपासत नाही. त्यांनी तो सांगितला होता एका शिबिरातल्या कार्डावरून. शिबिर कुणाचं हे इथे महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं आहे ते त्यांनी सांगितलेलं वर्णन. चैत्राचं ऊन, उघड्यावर टेबल, ही मोठी रांग, आणि एक पोरगा सात-आठ काचपट्ट्या मांडून ठेवून मग एका दमात वाचून लिहीत होता.

काचपट्टीवरचा थेंब साधारण दोन मिनिटांत वाचायचा असतो. पुढे तो वाळायला लागतो, कडेला पेशी दाटतात आणि खरखरीत, कणीदार दिसतात. घाईत ती गुठळीच वाटते. मराठवाड्याच्या चैत्रात थेंब वाळायला दोन मिनिटंही लागत नाहीत. बी गटाच्या माणसाचा अँटी-बीचा थेंब खराच गुठळतो. शेजारचा अँटी-एचा थेंब नुसता वाळला आणि गुठळी म्हणून वाचला गेला, की कार्डावर एबी छापला जातो.

शुक्रवारी आम्ही तिघं एसटीने अंबाजोगाईला रक्तपेढीत गेलो. तिथल्या ताईंनी दोघांचं रक्त शिरेतून घेतलं आणि सगळं समोर दाखवलं. नळीत पेशी आणि सीरम मिसळून फिरवायचं, तळाशी लाल बटण बसतं, नळी हलकेच हलवायची. प्रतिपिंडांनी पेशी धरल्या असतील तर बटण तुकडा होऊन निघतं, नसतील तर धुरासारखं पसरून जातं. ते बघताना मुलगी पहिल्यांदा पुढे वाकली.

वडील : अँटी-एमध्ये धूर, अँटी-बीमध्ये तुकडा.

पण मला तिला दाखवायचं होतं ते याच्या पुढचं. ताईंनी आता उलटी तपासणी केली. वडिलांच्या रक्तातला वरचा पिवळसर द्रव घेतला आणि तो ओळखीच्या ए पेशींवर, बी पेशींवर आणि ओ पेशींवर घातला. ए पेशी गुठळल्या, बी आणि ओ नाही. म्हणजे त्यांच्या रक्तात अँटी-ए आहे. एबी माणसाच्या रक्तात अँटी-ए नसतं. असतं तर ते त्याच्याच पेशींवर तुटून पडलं असतं. पेशी एक सांगतात आणि द्रव स्वतंत्रपणे तेच सांगतो. लँडस्टायनरने १९०१ साली व्हिएन्नात रक्तगट शोधले तेही असेच, स्वतःचं आणि सहकाऱ्यांचं सीरम एकमेकांच्या पेशींवर घालून. पेशी आणि द्रव यांची साक्ष पहिल्यापासून जोडीनेच घेतली गेली आहे. आमच्या काचपट्टीवर आम्ही त्यातली अर्धीच साक्ष घेतो.

वडिलांचा गट बी पॉझिटिव्ह. मुलीचा ओ पॉझिटिव्ह, तिच्या द्रवाने ए आणि बी दोन्ही पेशी धरल्या, ओ पेशी सोडून दिल्या, म्हणजे बॉम्बेही नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर वडिलांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि तो मला पहिल्यापेक्षा अवघड गेला. "मॅडम, मी बी, तिची आई ए. मग ही आमच्या दोघांतली एकपण कशी नाही?"

आपल्या भाषेत रक्त हेच नातं आहे. रक्ताचं नातं, रक्ताची माणसं, रक्त सांगतं. त्यामुळे मुलाचा गट आईचा तरी असायला हवा किंवा बापाचा तरी, असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं, शिकलेल्यांनाही. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही ऊस वाहता, म्हणून साखरेतच सांगते. रक्तगट म्हणजे पेशीच्या अंगावर लावलेली साखर." "म्हंजी शुगर?" ते दचकले, त्यांच्या वडिलांना मधुमेह होता. नाही म्हटलं, ती रक्तात विरघळलेली, ही पेशीला चिकटलेली, जन्मभर तीच. प्रत्येकाकडे साखर लावणारे दोन कारागीर असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. तुमच्यातला एक बी साखर लावतो, दुसऱ्याला काम येत नाही. तिच्या आईचा एक ए लावतो, दुसऱ्याला काम येत नाही. एक जरी कामाचा असला तरी पेशी साखरेने भरून जाते, म्हणून न येणारा कधी कळत नाही. पोरीला दोघांकडून नेमके काम न येणारेच आले. चारात एकदा असं होतं.

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मुलीकडे बघून म्हणाले, "म्हंजी आमी दोघांनी दिलं ते, पण दिसत नव्हतं आमच्यात." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. मुलगी तेव्हा रडली. मी बसचं बघायला गेले.

वर्गात परत

घरच्यांच्या परवानगीने, नाव न घेता, मी हे सगळं पुढच्या आठवड्यात दोन्ही तुकड्यांना सांगितलं आणि पहिल्यांदा फक्त ऐकलं. पोरं काय समजून बसली आहेत ते त्या तीन तासांत जितकं कळलं तितकं वीस वर्षांच्या पेपरांत कळलं नव्हतं.

सगळ्यात आधी शब्द. दहावीपर्यंत मराठीत प्रतिजन आणि प्रतिपिंड शिकलेली मुलं अकरावीला इंग्रजीत येतात. मराठीत दोन्ही "प्रति", इंग्रजीत दोन्ही "अँटी". कोण पेशीवर बसतं आणि कोण द्रवात फिरतं याचा पत्ताच नावावरून लागत नाही. त्यामुळे एका हुशार मुलाचं म्हणणं असं होतं : अँटी-एच्या थेंबात गुठळी झाली, म्हणजे रक्त एच्या विरुद्ध आहे, म्हणजे ए नाही. मान डोलावणारे निम्मे होते. मी आता बाटलीवरच चिठ्ठी लावते, "ए शोधणारी".

दुसरा घोळ "गुठळी" या शब्दाचा. जखमेवर रक्त गोठतं तीही गुठळी आणि काचपट्टीवर दिसते तीही गुठळी. पहिलीत फायब्रिनचे धागे जाळं विणतात, दुसरीत प्रतिपिंडं दोन पेशींना दोन हातांनी धरतात. धागा एकही नसतो. मुलांना वाटत होतं, चुकीचं रक्त चढवलं की ते "गोठतं". खरी आपत्ती अशी, की पेशी फुटतात, आतलं हिमोग्लोबिन बाहेर येतं आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात.

मग "प्रभावी". जो प्रभावी तो जास्त लोकांत आढळणार, अशी समजूत अगदी घट्ट आहे. मी रजिस्टर उघडलं. आमच्या ३८ पैकी १३ ओ. भारतात ओ आणि बी हे दोन गट साधारण एकेक तृतीयांश लोकांत सापडतात, ए त्याहून कमी आणि एबी सर्वांत थोडा. म्हणजे अप्रभावी गट हा सर्वांत जास्त आढळणाऱ्यांपैकी एक. शंभरात ३६ ओ धरले तर ओ जनुकाचं प्रमाण ६० टक्के निघतं, ए आणि बी दोघं मिळून ४०. प्रभावी याचा अर्थ एवढाच, की एक प्रत असली तरी परिणाम दिसतो. त्यात कुणी कुणाला दाबत नाही. पुस्तकातला "अप्रभावी जनुक दबला जातो" हा शब्दप्रयोग मला आता खुपतो, कारण ओमध्ये दाबण्यासारखं काही चाललेलंच नसतं. मेंडेलच्या सुरकुतलेल्या वाटाण्याचंही तेच आहे. तिथेही एक विकर मोडलेलं असतं, हे १९९० साली कळलं.

एका मुलीने विचारलं, ओ माणसाला कुणी ए रक्त दिलेलं नसतं, मग अँटी-ए येतं कुठून? हा प्रश्न सोन्यासारखा आहे. आतड्यातल्या जिवाणूंच्या अंगावर ए आणि बीसारख्या साखरा असतात. जन्मानंतर काही महिन्यांत बाळाचं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवायला लागतं फक्त स्वतःच्या साखरेविरुद्ध बनवत नाही. म्हणून नवजात बाळाची उलटी तपासणी उपयोगाची नसते. म्हणजे ए किंवा बी साखर आनुवंशिक आणि तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं आयुष्यात मिळालेली. दोन धड्यांचा सांधा नेमका इथे आहे.

आरएचचं गणित वेगळं, आणि मुलं ते एबीओवर बसवतात. पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे ज्यावरून ठरतं तो डी प्रतिजन साखर नाही, प्रथिन आहे, आणि जिवाणूंत त्याच्यासारखं काही नसतं. म्हणून आरएच निगेटिव्ह बाईच्या रक्तात अँटी-डी आधीपासून नसतं. पहिल्या बाळंतपणात पॉझिटिव्ह बाळाचं रक्त तिच्यात मिसळलं तर ते तयार होतं आणि बहुधा पुढच्या बाळाला बाधतं. अँटी-ए आणि अँटी-बी बरीचशी आयजीएम जातीची, आकाराने मोठी, वार ओलांडत नाहीत. अँटी-डी आयजीजी, ते ओलांडतं. बाळंतिणीला ७२ तासांच्या आत देतात ते अँटी-डीचं इंजेक्शन पोरांनी सरसकट "लस" म्हणून लिहिलं होतं. लस शरीराला प्रतिपिंडं बनवायला शिकवते. हे इंजेक्शन तयार प्रतिपिंडं देऊन बाळाच्या पेशी आधीच उचलतं, म्हणजे आईचं शरीर स्वतः शिकूच नये म्हणून.

यातून लग्नाचा विषय निघाला, आमच्याकडे निघणारच. बायोडेटात रक्तगट लिहितात, आणि मुलामुलीचा गट सारखा निघाला की "एक नाड" झाल्यासारखे मागे सरतात. सारख्या गटाने बाळाला काहीही होत नाही. बघायचंच असेल तर बाई निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह आहे का हे बघावं, आणि त्यावरही इंजेक्शन आहे. उलट आते-मामे भावंडांचं लग्न बिनदिक्कत होतं, तिथे दोघांची सरासरी आठवा हिस्सा जनुकं एकाच आजी-आजोबांकडून आलेली असतात आणि निकामी प्रती जोडीने भेटायची शक्यता खरंच वाढते. हे सांगताना मी सावध होते, कारण वर्गातल्या अनेकांचे आईवडील तसेच आहेत आणि त्यांची मुलं धडधाकट समोर बसली आहेत. शक्यता वाढते एवढंच म्हणाले. प्रत्येक घरी घडतं असं म्हणाले नाही.

कोर्टाबद्दलचं माझं वाक्य मी वर्गासमोर मागे घेतलं. रक्तगटावरून कुणी कुणाचा बाप आहे हे सिद्ध होत नाही. फार तर नाही म्हणता येतं, आणि तेही दोन्ही बाजूंनी तपासलेल्या गटांवरून. आपलं सर्वोच्च न्यायालयही १९९३ पासून सांगत आलं आहे, की रक्ततपासणीचा आदेश सहज देऊ नये, कारण किंमत आई आणि मूल मोजतं. मुलांना आईवडिलांचे गट विचारून आणायला सांगणं मी बंद केलं. सरावाला काल्पनिक कुटुंबं पुरतात. आणि रजिस्टरमध्ये नाव, गट, तारीख यांच्या पुढे चौथा रकाना आखला : "कशावरून कळलं". त्यात लिहायचं काचपट्टी, नळी, दोन्ही बाजूंनी किंवा नुसतं ऐकीव.

मार्चअखेर टोळ्या परतल्या. एका दुपारी मुलगी आईला घेऊन कॉलेजात आली. आई उभीच राहिली, पदर सावरून म्हणाली, "बाई, ह्यांनी सांगितलं मला सगळं. माझा गट बाळंतपणाच्या कागदावरचाय नव्हं? त्योबी कुणीतरी लिहिलेलाच की. माझाबी तपासा. दोन्हीकडून."

पुढच्या बुधवारी अंबाजोगाईला जाऊन आलो. ए पॉझिटिव्ह. चौथ्या रकान्यात मुलीने स्वतः लिहिलं : नळी, दोन्ही बाजूंनी.